करेमाळ या नावाचा अर्थ

एका नावाचा अर्थ विचारून यायचा, एवढंच काम होतं.

मी तेव्हा ठाणाकुशनूरला शाळेत मास्तर होतो. साल एकोणसत्तर. हैदराबाद मोडून आम्ही म्हैसूर राज्यात येऊन तेरा वर्षं झाली होती, पण कागदांना ते अजून नीट कळलं नव्हतं. जुने कागद उर्दूत, नवे कानडीत, आणि माणसं बोलायची मराठीत. अशा दिवसांत, मार्गशीर्ष संपत आला असताना, दुपारच्या बसनं रामाचार्य उतरले. बिदरच्या कचेरीतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले गृहस्थ. बायको वारलेली, मूलबाळ नाही. जिल्ह्यातल्या गावांची, शिवारांची, माळांची नावं कशी पडली याचं पुस्तक लिहायचं त्यांच्या मनात होतं. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं की यांना करेमाळावर घेऊन जा. तुला कानडी येतं आणि तिकडच्या वाड्यांची माहितीही आहे.

करेमाळ म्हणजे गावापासून दोन कोसांवरचा उंच, तांबडा, लांबरुंद माळ. कडेकडेनं पाच वाड्या. मधे वस्ती नाही. जुन्या काळी तिथून जांभा दगड काढत, त्या खदानी तशाच पडलेल्या आणि पाण्यानं भरलेल्या. त्या साऱ्या मुलखालाच करेमाळ म्हणत. पोरगी दिली कुठं, तर करेमाळाकडं. बैल आणला कुठून, तर करेमाळाकडचा. पण करेमाळ म्हणजे काय, हे मीही कधी कुणाला विचारलं नव्हतं.

पहिल्या रविवारी आम्ही वाड्या फिरलो. आचार्यांनी खांद्याला शबनम अडकवली होती, तीत वही, खडू आणि अवलक्कीचा, म्हणजे पोह्यांचा डबा. बोलायला मोठे गोड. पाटलाच्या ओसरीवर बसावं तसंच मेंढक्याच्या घोंगडीवर बसायचे आणि दोघांनाही "तुमचं म्हणणं सांगा" म्हणून विचारायचे.

प्रत्येकानं आपलं आपलं सांगितलं. पहिल्या वाडीतला शाळेचा कानडी मास्तर म्हणाला, करि म्हणजे काळा, तेव्हा हा काळा माळ. आचार्यांनी खाली वाकून मूठभर तांबडी माती उचलली, त्याला दाखवली, आणि दोघंही हसले. पुढच्या वाडीत एक गवळी म्हणाला, करु म्हणजे वासरू, इथं वासरं चारायचे. लोहाराच्या घरी तेलुगू बोलायचे. त्यांचं म्हणणं, कर्रा म्हणजे लाकूड, इथं पूर्वी रान होतं. आणि निजामाच्या काळात मुनशी असलेल्या एका म्हाताऱ्यानं जुना कागदच काढून दाखवला. त्यात करीमाल लिहिलं होतं. "करीम साहब का माल," तो म्हणाला, "इसमें पूछने का क्या है?"

आचार्य खुश होते. एका नावाचे चार अर्थ सापडले म्हणजे त्यांची दिवाळी. परतीच्या वाटेवर बोरीच्या वाडीत, अगदी माळाला लागून असलेल्या घरात आम्ही पाणी प्यायला थांबलो. तिथं चन्नव्वा भेटली. पासष्टीची, सुकलेली पण ताठ बाई. दोन घास इकडचे, दोन घास तिकडचे, अशी मराठी-कानडी मिसळून बोलायची. मुलगा बंडेप्पा आणि ती, एवढंच घर. मी कुणाच्या घरचा ते तिनं विचारलं, मी सांगितलं. ती क्षणभर थांबली. मग दोघांनाही सारख्याच पितळी पेल्यांतून चहा दिला.

आचार्यांनी तिलाही विचारलं. ती म्हणाली की त्यात अवघड काय आहे, करे म्हणजे हाक. पौषात या माळावर धुकं उतरतं. आम्ही त्याला धुई म्हणतो. धुईत माणूस चार पावलांवरचं घर चुकतो आणि खदानीत जातो. म्हणून ज्याचं माणूस माळावर गेलं असेल त्यानं दारात उभं राहून त्याचं नाव घ्यायचं. ते घरात येईपर्यंत घेत राहायचं. पाचही वाड्यांची ही रीत आहे. तिची सासू, सासूची सासू, सगळ्या दारात उभ्या राहिलेल्या.

"आणि ज्याला घरी हाक मारणारं कुणी नसेल त्यानं काय करायचं?" आचार्यांनी वही काढत विचारलं.

"त्यालाबी हाक येतीय," चन्नव्वा म्हणाली. "त्याच्याच माणसाची. गेलेल्या. हाक आली की व्हय म्हणून निमूट चालत यायचं. कोण म्हणून विचारायचं न्हाई."

"कामून?" हे मी विचारलं. माझ्या आवाजात थोडी थट्टा असावी.

तिनं माझ्याकडं बघितलं. "विचारलं तर सांगतंय," ती म्हणाली.

आचार्यांनी ते लिहून घेतलं. मी मनातल्या मनात हसलो. माझ्या वडिलांनी सत्तावन्न साली आमच्या वाड्यातल्या सगळ्यांबरोबर बौद्ध दीक्षा घेतली, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. देवदेवस्की, भूतखेत, अंगात येणं हे सगळं त्या दिवशी आम्ही गावाबाहेरच्या ओढ्यात सोडून आलो होतो. वर्गात मुलांना मी हेच शिकवायचो. त्याचा मला अभिमान होता. आजही आहे. पण त्या अभिमानापायी मी एक खोटं बोललो. तेच सांगायला बसलोय.

त्या आठवड्यात आचार्य आमच्याच घरी उतरले. पहिल्या दिवशी अवलक्की खाऊन राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलीजवळ येऊन माझ्या बायकोला, सुमनबाईला म्हणाले की भाकरीचा वास फार छान येतोय. तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं त्यांच्यापुढं ताट ठेवलं. ते दीड भाकरी खाऊन उठले, आणि मग रोजच बसायला लागले. माझे वडील गेल्यानंतर घरात तसं वडीलधारं माणूस नव्हतं. आठ दिवसांत ते आमचेच झाले.

माळाच्या मध्यावर एक उभा दगड होता. त्यावर जुन्या कानडीतल्या पाच-सहा ओळी. मुनशीनं त्याची खूण सांगितली होती. आचार्यांना वाटत होतं, नावाचा मूळ अर्थ त्यातच असणार. झिजलेली अक्षरं सकाळच्या तिरप्या उन्हात चांगली वाचता येतात, म्हणून पुढच्या रविवारी आम्ही दिवस उगवायच्या आत निघालो. बोरीच्या वाडीवरून पुढं गेलो तेव्हा पूर्वेला लाली होती, आभाळ स्वच्छ होतं. बंडेप्पा लवकरच माळापलीकडच्या शेतात तूर कापायला गेला होता. चन्नव्वा दारात दात घासत बसली होती. तिनं आमच्याकडं बघून नुसता हात केला.

दगड सापडला. कमरेएवढा, एका अंगाला कललेला. आचार्य गुडघे टेकून बसले आणि अक्षरांवरून बोट फिरवायला लागले, जसं आजारी लेकराच्या अंगावरून फिरवावं. शेवाळ काढायला पाणी हवं होतं. खदान पन्नास पावलांवर होती. मी तांब्या घेऊन गेलो, वाकून पाणी भरलं आणि मागं वळलो.

दगड नव्हता. आचार्य नव्हते. माळ नव्हता.

धुई येताना मी पाहिली नाही. ती खदानीच्या पाण्यातूनच वर आली असावी. ऊन निघालेलं होतं, त्यामुळं अंधार मुळीच नव्हता. सगळीकडं पांढरं, उजळ, डोळे दुखतील असं. हात लांब केला तर मनगट दिसायचं, बोटं दिसायची नाहीत. मी "आचार्य" म्हणून हाक मारली. आवाज पुढं गेलाच नाही, तोंडापाशीच कापसात बुडाल्यासारखा राहिला. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, "मास्तर...", पण तो नको त्या बाजूनं. मी तिकडं चाललो. पुन्हा आला तेव्हा तो पाठीमागं होता. मग आलाच नाही.

पन्नास पावलं. एवढंच तर अंतर होतं. मी किती चाललो ठाऊक नाही. तांब्यातलं पाणी हिंदकळून पायजमा भिजला होता, थंडीनं दात वाजत होते. आणि मग मला वास आला. ओल्या तुराट्यांचा धूर आणि त्यात लसणाच्या चटणीचा. माळावर तो यायला काही कारण नव्हतं.

"नरू..."

इथं मला माझ्या अक्काबद्दल सांगायला हवं. आई मी तीन वर्षांचा असताना गेली. सरू माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. तिनं मला वाढवलं. दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, आणि संध्याकाळी येऊन ओल्या तुराट्या फुंकत चूल पेटवायची. मला औरादच्या शाळेत घालायचं तिनंच ठरवलं. लग्न झालं, नवऱ्यानं सोडली, परत आली, तरी माझी फी थांबली नाही. मी बिदरला मास्तरकीचं शिक्षण घेत असताना ती तापानं गेली. एकसष्ट साल. पत्र मिळून मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. जगात मला नरू म्हणणारं तेवढं एकच माणूस होतं.

"नरू... ए नरू..."

आवाज समोरून येत होता, दहा-बारा पावलांवरून. तोच. शेवटी थोडा वर उचललेला, चुलीपुढून मारल्यासारखा. मला भीती वाटली म्हणावं तर खोटं होईल. मी लहान पोरासारखा म्हणालो, "व्हय."

आवाज सरकायला लागला. मी मागं मागं. एकदा माझा उजवा पाय पुढं पडला आणि खालचा दगड निसटला. बराच वेळ काही नाही. मग खोल कुठंतरी पाण्याचा आवाज झाला. मी तिथंच थिजलो. "नरू," आता डावीकडून. मी डावीकडं वळलो. मी काही विचारलं नाही. विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, अक्का, तूच का. पण मी विचारलं नाही. चन्नव्वाच्या सांगण्यामुळं नव्हे. उत्तर नाही म्हणून आलं तर काय, या भीतीनं.

मग एकाएकी पुष्कळ आवाज ऐकू यायला लागले. बोरीची वाडी होती ती. धुईत घर एकही दिसत नव्हतं, पण प्रत्येक दारातून कुणीतरी कुणाचं तरी नाव घेत होतं. कुणी गंगाराम म्हणत होतं, कुणी शरणव्वा, कुणी नुसतं "अहो, अहो". न ओरडता, घाई न करता, जात्यावर बसल्यासारखं एका लयीत. मला आजही वाटतं, माणसाच्या तोंडून मी ऐकलेला सगळ्यांत मायेचा आवाज तो.

चन्नव्वाच्या दाराची चौकट माझ्या छातीला लागली तेव्हा मला ती दिसली. ती बंडेप्पाचं नाव घेत होती. मला बघून थांबली.

"तुला कुणी आणलं?" तिनं विचारलं.

मी म्हणालो की तुमच्या हाकेच्या रोखानं आलो.

"मी तर बंडेप्पाला हाक मारायलेय."

मी म्हणालो, आवाज तो आवाज. ती माझ्याकडं बघत राहिली. "खरं सांग, मास्तरा. कुणी आणलं?" तिनं दुसऱ्यांदा विचारलं, आणि मी दुसऱ्यांदा तेच सांगितलं. काय सांगणार होतो? सोमवारी मला वर्गात उभं राहायचं होतं. तिनं मान हलवली, मला आत घेतलं, खांद्यावर घोंगडी टाकली. एवढ्यात बंडेप्पाही आला, विळा खांद्यावर, भुवया दवानं पांढऱ्या. तो आला आणि तिची हाक थांबली.

आचार्य अजून माळावर होते.

मी दारात जाऊन त्यांना हाका मारायला लागलो. आचार्य, रामाचार्य. चन्नव्वा म्हणाली की असं मानाचं नाव घेऊन उपयोग नाही, घरचं नाव घे. त्यांचं घरचं नाव मला ठाऊक नव्हतं. कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांना त्या नावानं ओळखणारं माणूसच उरलं नव्हतं. बंडेप्पा दोरी घेऊन निघाला, तेव्हा तिनं त्याचा दंड धरला.

"थांब," ती म्हणाली. "ऐक."

माळाच्या आतून, दूरवरून, बाईचा आवाज येत होता. म्हातारीचा नव्हे, तरुण बाईचा. कानडीत. पुट्टू, पुट्टू, बा, जेवण निवायलंय, असं काहीसं. पुट्टू म्हणजे बाळ, बा म्हणजे ये. एक-एक करून वाडीतल्या बाकीच्या हाका थांबल्या. सगळे ऐकत होते. आवाज जवळ आला, थोडा उजवीकडं गेला, पुन्हा जवळ आला. माणूस बरोबर आणला जात होता.

आणि मग आम्हाला आचार्यांचा आवाज ऐकू आला. अगदी स्पष्ट. घाबरलेला नव्हता. आठवडाभर मी जो आवाज ओसऱ्यांवर ऐकत होतो तोच तो, विनयाचा, जिज्ञासेचा. त्यांनी विचारलं,

"यारु?"

कोण?

चन्नव्वाची बोटं माझ्या मनगटात रुतली. ती काहीतरी पुटपुटली. पुढं किती वेळ गेला, सांगता येत नाही. ना हाक, ना उत्तर. एक कुत्रं आमच्या पायात येऊन बसलं आणि त्यानं डोळे मिटून घेतले. मग पावलं वाजली आणि आचार्य धुईतून चालत आले. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, पायात एकच चप्पल, आणि चेहरा नुकतंच न्हाऊ घातलेल्या मुलासारखा. ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला बघून म्हणाले, "मास्तर, तुम्ही सुखरूप आहात ना?" चन्नव्वानं त्यांना चुलीपाशी बसवलं आणि ती एकटीच जरा वेळ बाहेर अंगणात जाऊन आली. दहा वाजेपर्यंत धुई विरली. आकाश निळं झालं. दगड वाडीतूनसुद्धा दिसत होता.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझी भालकीला बदली झाली. करेमाळ सुटला. आचार्य मात्र सुटले नाहीत. दरवर्षी दिवाळीनंतर यायचे, चार दिवस राहायचे, सुमनबाईच्या हातची भाकरी खायचे. चौऱ्याहत्तर साली त्यांनी पदरमोड करून पुस्तक छापलं. पहिली प्रत मला आणून दिली. करेमाळाचं पान मी लगेच काढलं. चार अर्थ नीट दिले होते, कोणी सांगितले त्यांच्या नावांसकट. खाली एक ओळ होती: पाचवा अर्थ मला ठाऊक आहे, परंतु तो लिहिता येत नाही. मी त्यांच्याकडं बघितलं, तर ते भाकरीचा तुकडा मोडत होते. मी विचारलं नाही.

ऐंशी साली त्यांचं पत्र आलं. अक्षर वाकडंतिकडं. भेटून जा, एवढंच. मी बिदरला गेलो. माडीवरच्या खोलीत दुपारच्या उन्हात पलंगावर पडले होते, पाखरासारखे हलके झालेले. शेजारची इंदुताई त्यांना पेज भरवत होती. ती भांडी घेऊन खाली गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मास्तर, त्या दिवशी तुम्हाला कुणी आणलं?"

दहा वर्षांत मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, सुमनबाईलासुद्धा नाही. त्यांना सांगितलं. अक्का. आवाज, धूर, चटणीचा वास, सगळं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग ते हळूहळू बोलायला लागले.

"मी विचारलं, कोण? ती म्हणाली, मी, तुझी आई. आई मी सहा वर्षांचा असताना गेली, मास्तर. मी म्हटलं, अम्मा, तू का आलीस?... तर ती म्हणाली, अरे, मी कुठं आले? तूच बोलावलंस. माळावरून तुझा आवाज यायला लागला, अम्मा, अम्मा म्हणून. ऐकवेना, म्हणून उठून आले."

खालून कुणीतरी पाणी शेंदत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मी हाक मारली नव्हती," ते म्हणाले. "पंचावन्न वर्षांत तो शब्द मी उच्चारला नव्हता. मग तिला माझ्या आवाजात बोलावलं कुणी? आणि मला तिच्या आवाजात..." त्यांनी माझा हात धरला. "करे म्हणजे हाक, हे बरोबर आहे. हाक मारणारा कोण, ते कुणाला ठाऊक नाही."

जरा दम घेऊन त्यांनी आणखी एक सांगितलं. पुढच्या साली ते उरलेली अक्षरं उतरवायला एकटेच करेमाळावर गेले होते, तेव्हा चन्नव्वानं त्यांना सांगितलं होतं की आणणाऱ्याला परत पाठवावं लागतं. माणूस घरात आलं की अंगणात जाऊन म्हणायचं, आला गं बाई, पोचला, आता तू जा. त्यांच्या आईला तिनं तसं सांगितलं होतं.

"तुमच्या अक्काला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी संध्याकाळपर्यंत त्यांचा हात धरून बसलो. चौथ्या दिवशी ते गेले. मुलगा म्हणून उभं राहायला त्यांच्या घरी कुणी नव्हतं. मी उभा राहिलो, आणि त्यांच्या आळीतल्या कुणीही नको म्हटलं नाही.

तिथून मी भालकीला आलोच नाही. बस बदलत थेट ठाणाकुशनूर गाठलं आणि चालत बोरीच्या वाडीला गेलो. भर दुपार होती. माघ लागलेला, धुईचे दिवस सरलेले, तूर निघून रानं मोकळी झालेली, माळ लालभडक तापलेला. चन्नव्वा अंगणात करडई पाखडत होती. डोळ्यांनी कमी दिसायचं, पण आवाजावरून ओळखलं. मी तिच्यासमोर मातीत बसलो आणि खरं काय ते सांगितलं. तिनं दोनदा विचारलं होतं, मी दोनदा खोटं बोललो.

ती रागावली नाही. सूप बाजूला ठेवलं, माझा चेहरा चाचपला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तू आलास त्याच्या दुसऱ्या साली एक नवी हाक ऐकू यायला लागली. पयलं पयलं लई रडायची. कुणी सांगितलं न्हाई ना तिला, तू पोचलास म्हणून. खदानीच्या कडंनं तुला धुंडायची... मग निवली. आता ज्याला कुणी न्हाई त्याला तीच आणून सोडती. गेल्या साली दोघं आणली. चांगली हाय रे तुझी अक्का. वाडीतल्या बाया तिच्या नावानं दारात भाकर ठेवत्यात."

मी म्हणालो की मी आता सांगतो तिला, आत्ता, इथून. चन्नव्वानं मान हलवली. उन्हात ऐकू जात नाही. धुई असताना यायला हवं, माळाच्या आत जाऊन सांगायला हवं. "आणि तू आत गेलास," ती म्हणाली, "तर ती तुला पुन्हा घरी आणायलाच बघंल."

मी उठलो. ती म्हणाली, थांब, एक विचारायचं राहिलं.

"इतकी सालं ती एकच नाव घ्यायची. नरू, नरू. दुसऱ्या कुणाला आणायचं असलं तरी तेच. औंदा नाव बदललंय तिनं."

"काय म्हणती?"

"हेमू," चन्नव्वा म्हणाली. "सगळ्या पौषात, हेमू... ए हेमू... म्हणून. हेमू कोण रे तुझी?"

मी म्हणालो, "ठाऊक न्हाई."

माझ्या मुलीला तेव्हा नववं वर्ष होतं. अक्का गेली त्यानंतर दहा वर्षांनी झालेली, करेमाळ कधी न पाहिलेली. शाळेत तिचं नाव हेमावती, घरीदारी सगळे तिला ताई म्हणायचे. हेमू मीच म्हणायचो, दुसरं कुणी नाही, आणि तेही ती झोपल्यावर, तिच्या कपाळावर हात ठेवून, मनातल्या मनात.